पूजेच्या ताटापेक्षा पेमेंटची फाइल अवघड

तू ‘काका’ म्हणून लिहिलंस, म्हणून मीही अरे-तुरेच करतो. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुझा प्रश्न थोडक्यात सांगतो. तू नगर जिल्ह्यातल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या परिवारात वाढलास. आता चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत परचेसला आहेस. दसऱ्याला मशिनची पूजा असते, तेव्हा उभं कुठे राहायचं हे कळत नाही. साहेब अधूनमधून बिल ‘ॲडजस्ट’ करायला सांगतात. रविवारी शिफ्ट लागली की उपासना चुकते. सहकाऱ्यांशी ख्रिस्ताबद्दल बोलावं की गप्प राहावं, तेही ठरत नाही. म्हणून तू विचारतोस, कामाच्या ठिकाणी ख्रिस्ती माणसानं वागायचं कसं?

मी पाळक नाही. एमआयडीसीत खरेदी विभागात नोकरी केली, तिथूनच निवृत्त झालो. मंडळीत वडील (म्हणजे कारभार पाहणारा पंच) म्हणून आणि खजिनदार म्हणून काम केलं. तेव्हा सांगतोय ते कोटेशन, चलनं आणि पेमेंट व्हाउचर हाताळून जे कळलं तेवढंच.

तुझं पत्र वाचताना पहिली गोष्ट जाणवली ती ही, की तू लिहिलेल्या बहुतेक अडचणी तुझ्यावर दुसऱ्याचं चालतं तिथल्या आहेत. साहेबांचं चालतं, कंपनीच्या प्रथेचं चालतं, शिफ्टच्या तक्त्याचं चालतं. आपले लोक मला हेच प्रश्न विचारतात आणि ते साहजिक आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती साधारण १० लाख ८० हजार होते, म्हणजे शंभरात एकही पुरा भरत नाही. खात्यात आपण एकटेच असतो, म्हणून सगळं लक्ष आपल्यावर काय लादलं जातंय याकडे लागतं. पण तू परचेसला आहेस. तुझ्या टेबलापाशी रोज माणसं येऊन उभी राहतात आणि त्यांच्यावर तुझं चालतं. त्यांच्याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळही नाही. विश्वासाची खरी तपासणी तिथे होते असं माझं मत आहे. पण तू विचारलंस ते आधी घेऊ.

दसऱ्याची पूजा. प्रेस शॉपमधल्या माणसासाठी तो दिवस काय असतो हे आधी समजून घे. वर्षभर ज्या मशिनखाली त्याचा हात जातो आणि सुखरूप बाहेर येतो, ते मशिन तो त्या दिवशी पुसतो, त्याला झेंडूची माळ घालतो. त्या दिवशी नेमकी आजारपणाची रजा टाकणारा ख्रिस्ती माणूस त्याला देवभक्त वाटत नाही, तुसडा वाटतो. मी हजर राहायचो. मशिनची साफसफाई, माळा ओवणं, पेढ्यांचा हिशेब, सगळ्यात असायचो. आरतीचं ताट हातात घेत नव्हतो, हळदकुंकू वाहत नव्हतो. पण हे ऐन वेळी सर्वांसमोर सांगायचं नसतं. आठवडाभर आधी सुपरवायझरला बाजूला घेऊन सांग, ‘साहेब, मी तयारीला आहे, कार्यक्रमालाही आहे, फक्त आरती माझ्याकडे देऊ नका.’ एवढं सांगितल्यावर क्वचितच कुणी वाकडं बोलतं. लोकांना चिडवतो तो आपला चेहरा, नकार नव्हे.

हजर राहणंही चूक आहे म्हणणारे बंधू आपल्यात आहेत. त्यांनी बायबलमधल्या ‘२ राजे’ या पुस्तकातला पाचवा अध्याय पुन्हा वाचावा. अरामी सेनापती नामान कोड बरा झाल्यावर इस्राएलाच्या देवाला मानू लागतो आणि लगेच एक अडचण पुढे ठेवतो. माझा धनी रिम्मोन दैवताच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा असावी. संदेष्टा अलीशा त्याला नियमांची यादी देत नाही. शांतीने जा, एवढंच म्हणतो. सगळ्यांनी वाकावं असा याचा अर्थ मी काढत नाही. पण नोकरीतल्या माणसाची अडचण संदेष्ट्याला कळत होती, इतकं त्यातून नक्की दिसतं.

प्रसादाचं म्हणशील तर प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ८ ते १० या अध्यायांत हाच विषय आहे. त्या शहरात मूर्तीपुढे वाहिलेलं मांस बाजारात विकायला यायचं. पौल म्हणतो, बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. मात्र समोरच्यानं ‘हे वाहिलेलं आहे’ असं सांगितलं तर खाऊ नका, आणि तेही त्याच्या विवेकासाठी. त्यामुळे माझा हिशेब असा: दिवाळीचा फराळ, वाढदिवसाची मिठाई, कुणाच्या घरचं जेवण हे खुशाल खावं, चकली तर मागून खावी. प्रसाद म्हणून कुणी हातावर ठेवू लागलं तर हात जोडून, हसून नको म्हणायचं आणि त्याच्याबरोबर चहाला जायचं. तुझ्या मंडळीतला दुसरा कुणी वेगळं वागत असेल तर त्याची तक्रार पाळकसाहेबांकडे नेऊ नकोस. गणपतीची वर्गणी मी रक्तदान शिबिरासाठी किंवा जेवणावळीसाठी म्हणून सांगून द्यायचो. याहून जास्त वेळ या विषयावर घालवावा असं मला वाटत नाही, आपल्या तरुण संघात मात्र वर्षानुवर्षं एवढाच विषय चालतो.

आता तुझ्या टेबलाकडे येऊ.

लूकच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार येतात, शिपाई येतात आणि विचारतात, आम्ही काय करावं? नोकरी सोडून रानात या, असं तो सांगत नाही. जकातदारांना म्हणतो, ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, दमदाटी करून, खोटा आळ घेऊन पैसे काढू नका, पगारात भागवा. ही सगळी उत्तरं त्या माणसांचं ज्यांच्यावर चालत होतं त्यांच्याबद्दलची आहेत. प्रार्थना किती वेळा करता, हे योहान तिथे विचारत नाही.

परचेसच्या माणसाच्या हातात सगळ्यात मोठी सत्ता कुठली, तर समोरच्याला थांबवून ठेवण्याची. लाच न घेणारा परचेसवाला मी पाहिलाय, आपल्यातलाही पाहिलाय, ज्याला आपल्या सचोटीचा मोठा अभिमान होता आणि ज्याच्या ड्रॉवरमध्ये लहान व्हेंडरांची बिलं महिनेच्या महिने पडून असायची. भोसरीत एका शेडमध्ये दोन लेथ टाकून जॉबवर्क करणारा माणूस डोळ्यांसमोर आण. माल दिला, चलनावर शिक्का मिळाला, पुढे काहीच नाही. जीआरएनमध्ये (माल मिळाल्याच्या नोंदीत) दोन नगांचा फरक निघाला, डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी) यायचीय, साहेब टूरवर आहेत. त्याच्या कामगारांचा पगार सात तारखेला द्यायचा असतो. तो खासगी सावकाराकडून उचल घेतो आणि तुझ्या सहीच्या उशिराचं व्याज भरतो. एवढं होऊनही तुझ्यासमोर येतो तेव्हा हसूनच बोलतो, कारण पुढची ऑर्डर तुझ्याकडे आहे.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या असं आहे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यात गुंतलेला आहे. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते. हे आपण कापणीच्या दिवसांत वाचतो, शेतकऱ्यांचं म्हणून ऐकतो आणि सोमवारी कामावर गेलो की विसरतो. देशाचा कायदाही इथे शास्त्राच्या बाजूनं आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज लागतं. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशी मुदत उलटलेली देणी प्रत्यक्ष भागवेपर्यंत आयकरात खर्च म्हणून वजा मिळत नाहीत. म्हणजे तू लहान व्हेंडरची बाजू घेतलीस तर कंपनीचंही भलंच करतोस. साहेबांना शास्त्रवचन ऐकवायची गरज नाही, हा नियम दाखव.

प्रत्यक्षात काय करायचं ते सांगतो. नवा व्हेंडर घेताना त्याचं उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग नोंदणीचा दाखला) तेव्हाच मागून फाइलला लाव. सोमवारी सकाळी थकलेल्या बिलांची यादी तारखेप्रमाणे काढ, सगळ्यात जुनं वर. माल नापास असेल तर त्याच आठवड्यात फोटोसकट कळव. पेमेंटच्या दिवशी डेबिट नोट काढणं म्हणजे गळा धरणं. पैसे खरंच लांबणार असतील तर त्यानं दहा वेळा विचारायच्या आधी तूच फोन करून तारीख सांग. ती तारीख पाळता येणार नसेल तर सांगूच नकोस. तुमचं होय ते होय असू द्या, हे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं वाक्य मला तरी पेमेंटच्या तारखांमुळेच समजलं.

ठेकेदाराच्या कामगारांचं याहून नाजूक असतं. लोडिंगची पोरं, हाऊसकीपिंगच्या बायका, गेटवरचे वॉचमन कंपनीच्या पटावर नसतात, त्यामुळे ते कुणालाच दिसत नाहीत. ठेकेदाराचं बिल तुझ्याकडून जात असेल तर मागच्या महिन्याचं वेतनपत्रक आणि पीएफचं चलन पाहिल्याशिवाय सही करू नकोस. आणि चलनातली नावं गेटवरच्या हजेरीशी जुळवून बघ. यानं ठेकेदार तुझ्यावर नाराज होईल, कदाचित साहेबांकडे जाईल. ती नाराजी सोस. पूजेला उभं राहायचं की नाही यात जेवढी घालमेल करतोस, तिच्यातली निम्मी इथे लागू दे.

याबाबतीत मला पंडिता रमाबाईंचं उदाहरण नेहमी आठवतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायका केडगावला आणल्या. त्या सर्वस्वी रमाबाईंवर अवलंबून होत्या. त्यांना आश्रित म्हणून नुसतं पोसणं आणि देवाचं नाव घ्यायला बसवणं सोपं होतं. पण मुक्ती मिशनमध्ये शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, आणि तिथल्या मुलींनी छपाईचे खिळे जुळवायला शिकून पुस्तकं छापली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्याच छापखान्यात छापलं गेलं. हाताखालच्या माणसाला आपली गरज उरू नये अशी व्यवस्था करणं ही फार थोड्या वरिष्ठांना जमणारी गोष्ट आहे.

बिलं ‘ॲडजस्ट’ करायचं उत्तर छोटं आहे. माल न येता नुसतं बिल घेणं आणि त्यावर जीएसटीची वजावट उचलणं हा गुन्हा आहे, आणि प्रकरण निघालं की नोंद ज्याच्या लॉगिनवरून झाली त्यालाच आधी बोलावतात. साहेबांना थेट ‘हे पाप आहे’ म्हणू नकोस. ‘सर, एवढं मला मेलवर टाका, मी तशी नोंद करतो’ असं म्हण. बहुतेक मागण्या तिथेच विरतात. मेल खरोखर आलाच तर उत्तरात नम्रपणे लिही की मालाची गेट एंट्री नाही, त्यामुळे नोंद करता येत नाही. सरकारी कचेरीत कुणी अडवून पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही दोषी ठरतो. बळजबरीनं द्यावी लागली असेल आणि सात दिवसांत कळवलं तर सुटका आहे. सरकारी कचेऱ्यांची कामं बघणाऱ्या तुमच्या लायझनवाल्यालाही हे सांगून ठेव.

याला जोडून एक सांगतो, जे कुठल्या प्रवचनात मी ऐकलं नाही. पगाराच्या निम्म्याहून जास्त हप्ते ज्याचे जातात, त्याला नाही म्हणता येत नाही. मोठी गाडी, मोठा फ्लॅट, त्यावर लग्नाचं कर्ज, मग साहेब सांगतील तिथे सही. दशमांश देतोस ते चांगलंच, पण चार-सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवणं हीसुद्धा तुझ्या विश्वासाचीच तयारी समज. पौल करिंथला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवायचा. स्वतःच्या हातांनी कमावत होता, म्हणून कुणाच्या पैशाला बांधलेला नव्हता.

दिवाळीच्या भेटी: वाटून संपेल ते घ्यायचं आणि कँटीनमध्ये सर्वांसमोर उघडायचं. चांदीचं नाणं, व्हाउचर, पाकीट परत, सोबत दोन ओळींची चिठ्ठी, आणि साहेबांना त्याची प्रत. घरच्या पत्त्यावर आलेलंही परत.

साक्ष देण्याबद्दल, म्हणजे सहकाऱ्यांशी ख्रिस्ताबद्दल बोलण्याबद्दल. आधी काम चोख कर. बायबलमधल्या दानीएल या राजाच्या अधिकाऱ्याच्या वैऱ्यांनी त्याच्या कारभारात खोट शोधली आणि ती सापडेना, तेव्हा त्यांना त्याच्या देवाकडे वळावं लागलं. आपल्यातले काही उत्साही बंधू उलटं करतात. लंचनंतर अर्धा तास शास्त्रवचन सांगतात आणि जीआरएनची नोंद शेजारच्याला करावी लागते. कंपनी ज्या वेळेचा पगार देते तो वेळ तुझा नाही. कुणी आपणहून विचारलं तर मात्र आडपडदा ठेवू नकोस, साध्या मराठीत सांग. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्त अभंगांतून आणि कीर्तनातून सांगितला, तो लोकांना परका वाटला नाही. आपण चर्चमधली भाषा ऑफिसात बोलतो आणि समोरच्याला कळत नाही.

आणि एक पथ्य कडक पाळ. तुझ्या हाताखालच्या माणसाला, व्हेंडरला, ठेकेदाराच्या पोराला तू होऊन धर्माबद्दल काही सांगायचं नाही. तो ऐकेल, मान डोलावेल, नाताळला चर्चमध्येही येईल, कारण त्याची ऑर्डर तुझ्याकडे आहे. त्याला नाही म्हणायची मोकळीक नसेल तर ती साक्ष कसली? बरोबरीच्याशी बोल, वरच्यांशी बोल. आजारी सहकाऱ्याला भेटायला गेलास तर ‘प्रार्थना केली तर चालेल का’ असं विचारून कर, आणि थोडक्यात कर.

तू विचारलं नाहीस, पण नगरकडच्या आपल्या कितीतरी घरांत असतं म्हणून लिहितो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलिताला मिळत नाहीत. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्यात घेतलं, आपल्याला नाही. धर्म बदलला म्हणून गावानं वागवणं बदलत नाही, त्यामुळे हा अन्याय आहे असं मी मानतो. या पेचापायी दाखल्यावर एक धर्म आणि घरात दुसरा असं जगणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवायला माझी जीभ उचलत नाही. पण अजून ज्यांचा फॉर्म भरायचा आहे, त्यांना मी खरं तेच लिहा असं सांगतो. खोट्या दाखल्यावरची नोकरी निवृत्तीपर्यंत भीतीत करावी लागते, आणि ज्याला स्वतःबद्दलचं काही लपवायचं असतं तो साहेबांना कधीच नाही म्हणू शकत नाही.

राहता राहिला रविवार. शिफ्ट आली म्हणून विश्वास बुडत नाही. आपल्या मिशन दवाखान्यांतल्या नर्सेस कित्येक पिढ्या रविवारी ड्युटी करत आल्या आहेत. पिंपरी-चिंचवड आणि पुण्यात संध्याकाळची उपासना असणारी चर्च आहेत, कॅथलिक चर्चमध्ये तर शनिवारी संध्याकाळचा मिस्साही रविवारचा धरतात. कंपनीच्या बसमध्ये एक स्तोत्र वाचत जा. त्या दिवशी ज्यांची बिलं तुझ्याकडे पडली आहेत त्यांची नावं घेऊन प्रार्थना कर; नाव घेतल्यावर बिल दाबून ठेवणं अवघड जातं. मात्र शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची आज्ञा पूर्ण वाच. तुझ्याबरोबर तुझा दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीतला परका, सगळ्यांना विसावा दे असं तीत आहे. आपण रविवारच्या सुट्टीसाठी एचआरशी भांडतो आणि घरी भांडी घासणाऱ्या मावशींना आठवड्याची एक सुट्टी देत नाही. ती आधी दे, पगार न कापता.

कंपनीत रविवार मागायची रीतही आहे. ऐन आठवड्यात रजा मागितलीस तर कुणीतरी दुसरा अडकतो. वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी दे की लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज आणि गणपतीच्या दिवसांतल्या शिफ्ट मी करीन. त्याबदल्यात पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर), नाताळची संध्याकाळ आणि महिन्यातले दोन रविवार मोकळे मिळावेत. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि नाताळ सरकारी सुट्ट्यांच्या यादीत आहेत, पण खासगी कंपनीत त्या आपोआप मिळत नाहीत, म्हणून कंपनीची यादी जानेवारीतच पाहून घे. दिवाळीत घरी जायला मिळतंय म्हटल्यावर अदलाबदलीला माणसं आनंदानं तयार होतात. दोघांच्या सह्या घेऊन तो कागद टाइम ऑफिसला देऊन ठेव आणि त्यावर पोच घे.